मुद्दाम हरायचं कशाला? ड्राफ्टच्या जागी पॉइंटांचा लिलाव

आमच्या सोसायटीत दर जानेवारीत टेनिस बॉल क्रिकेटची लीग असते आणि तिच्या आधीच्या रविवारी क्लबहाऊसमध्ये खेळाडूंचा लिलाव. आठ टीम, प्रत्येक कॅप्टनला १० हजार पॉइंट, बेस प्राइस ३००, आणि लॅपटॉपवर एक्सेल उघडून कोणाचे किती उरले ते भरायचं काम गेली चार वर्षं माझ्याकडे आहे. पैसा एक रुपयाचा नाही, नुसते पॉइंट, तरी सी विंगमधल्या एका डावखुऱ्या पोराचं नाव पुकारलं की सगळ्यांचे आवाज चढतात. मागच्या वर्षी तो ४,२०० ला गेला. ज्याने घेतला त्याच्याकडे बाकीच्या दहा जणांसाठी फक्त ५,८०० उरले, हे त्याला तिथल्या तिथे कळत होतं, तरी त्याने हात वर केला कारण त्याला तोच पोरगा हवा होता.

यातली एक गोष्ट नीट बघा. आदल्या वर्षी शेवटी आलेल्या टीमलाही १० हजारच आणि जिंकलेल्या टीमलाही १० हजारच. त्यामुळे सेमीफायनलचा चान्स गेला तरी शेवटच्या मॅचमध्ये कोणी हात राखून खेळत नाही, कारण हरून मिळणार काय? एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची लीग, जगातल्या सगळ्यात श्रीमंत लीगांपैकी एक, तिला मात्र हीच साधी गोष्ट चाळीस वर्षं झाली तरी जमलेली नाही आणि मी कॉलेजपासून सकाळी सहाला उठून त्यांच्या मॅच बघतोय म्हणून मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

तिकडे नवीन खेळाडू टीममध्ये येतात ते ड्राफ्टमधून. आयपीएलची सवय असलेल्या आपल्याला हे जरा वेगळं वाटतं, म्हणून आधी तेवढं सांगतो. बोली नसते, पाळी असते. सगळ्या टीमचा एक क्रम लागतो, पहिल्या नंबरची टीम आलेल्या सगळ्या नव्या पोरांमधून एक निवडते, मग दुसरी, मग तिसरी, असं तीस टीमपर्यंत आणि मग परत. निवडलेल्या पोराने दुसऱ्या टीमकडे जायचं नाही, पगारही त्याच्या नंबरावरून जवळपास ठरलेला. आणि क्रम कसा लावायचा, तर जी टीम सगळ्यात खराब खेळली तिला आधी पाळी. हेतू एकदम चांगला आहे, कमजोर टीमला चांगला खेळाडू मिळावा, लीग बरोबरीची राहावी. ही कल्पना अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये बर्ट बेल नावाच्या मालकाने मांडली, स्वतःच्या फिलाडेल्फियाच्या टीमला चांगले खेळाडू मिळत नव्हते म्हणून, आणि १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला.

पण हेतू चांगला असला तरी हिशोब बघा काय होतो. चांगला खेळाडू हवा तर पहिली पाळी हवी, पहिली पाळी हवी तर हरायला हवं. म्हणजे हरणं हेच चलन झालं. दुकानात पैसे देतो तसे इथे पराभव द्यायचे आणि खेळाडू घ्यायचा. तिकडे याला टँकिंग म्हणतात. कोणी उघड कबूल करत नाही, ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार, ‘आमच्या मेन खेळाडूचा गुडघा दुखतोय’, ‘आम्ही नव्या पोरांना संधी देतोय’ वगैरे.

१९८४ चं ह्यूस्टन रॉकेट्सचं उदाहरण घ्या. त्या काळी दोन विभागांतल्या सगळ्यात खालच्या दोन टीममध्ये नाणं उडवून पहिली पाळी ठरायची. आदल्याच वर्षी ह्यूस्टनने असंच नाणं जिंकून राल्फ सॅम्पसन हा सात फुटांहून उंच खेळाडू घेतला होता आणि आता हकीम ओलाजुवान येणार होता, तो तर ह्यूस्टनच्याच कॉलेजमधला. सीझन संपत आलेला, आणि सॅन अँटोनियोच्या विरुद्धच्या एका मॅचमध्ये ह्यूस्टनने एल्विन हेज या ३८ वर्षांच्या, निवृत्तीला आलेल्या खेळाडूला ओव्हरटाइम धरून पूर्णच्या पूर्ण ५३ मिनिटं मैदानात ठेवलं. तरणीताठी पोरंसुद्धा मध्ये बसतात, याला एक मिनिट बसवला नाही. ह्यूस्टन आपल्या विभागात तळाला आलं, नाणंही जिंकलं आणि ओलाजुवान मिळाला. पुढे त्याच्याच जोरावर १९९४ आणि १९९५ अशा दोन चॅम्पियनशिप आल्या, म्हणजे हरण्याची किंमत वसूल झाली म्हणायची.

लोक चिडले, मग १९८५ पासून लॉटरी आली. प्लेऑफला न गेलेल्या सात टीमच्या नावांची पाकिटं एका फिरत्या गोल पिंपात टाकून काढली, पहिला नंबर न्यूयॉर्कला, पॅट्रिक युइंग न्यूयॉर्कला, आणि न्यूयॉर्कचं पाकीट हाताला कळावं म्हणून आधीच थंड करून ठेवलं होतं अशी शंका लोक आजही काढतात. मग म्हणाले सगळ्यांना सारखा चान्स नको, खालच्यांच्या नावाचे जास्त बॉल पिंपात टाका. तसं केलं तर १९९३ मध्ये ४१ जिंकलेल्या, ४१ हरलेल्या ऑर्लँडोला ६६ पैकी एकच बॉल असताना पहिला नंबर लागला, तोही लागोपाठ दुसऱ्या वर्षी. मग परत उलटं, सगळ्यात खालच्या टीमला २५ टक्के चान्स केला.

आणि २५ टक्के म्हटल्यावर फिलाडेल्फियाने धंदाच मांडला. सॅम हिंकी तिथे मॅनेजर झाला आणि २०१३ पासूनच्या तीन सीझनमध्ये ती टीम १९, १८ आणि १० मॅच जिंकली. २४६ मॅचपैकी ४७. बाकी १९९ हरली, त्यात सलग २६ हरण्याची एक रांग होती. बदल्यात वर्षामागून वर्ष वरचे नंबर मिळत गेले, एम्बीड मिळाला, सिमन्स मिळाला. चॅम्पियनशिप काही आली नाही. तिकीट काढून ज्यांनी त्या १९९ पैकी मॅच बघितल्या, लेकरांना खांद्यावर बसवून नेलं, त्यांना काय सांगायचं? मला तरी उत्तर सुचत नाही.

मग २०१९ च्या ड्राफ्टपासून खालच्या तिन्ही टीमना सारखा १४ टक्के चान्स केला. आता तळाला जाऊन विशेष फायदा नाही हे खरं, पण दुसरी बाजू बघा. २०२३ मध्ये डेट्रॉइट ८२ पैकी १७ जिंकून अगदी तळाला होतं, त्यांना पाचवा नंबर लागला. २०२५ मध्ये डॅलसला १.८ टक्के चान्स होता, त्यांना पहिला नंबर आणि कूपर फ्लॅग. ज्याला गरज त्याच्या पदरात पडलं नाही, ज्याला नशीब त्याला पडलं. आणि मुद्दाम हरणं थांबलं का, तर तेही नाही. त्याच डॅलसने एप्रिल २०२३ मध्ये, पुढे जायचा चान्स अजून शिल्लक असताना, शिकागोविरुद्ध मेन खेळाडू बसवले, डोन्चिचला दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच बाहेर काढलं, कारण त्यांची पाळी पहिल्या दहात राहिली नाही तर जुन्या सौद्याप्रमाणे ती न्यूयॉर्कला जाणार होती. लीगने साडेसात लाख डॉलर दंड केला. पाळी मात्र वाचली. दंड भरून पाळी वाचत असेल तर कोणीही दंड भरेल.

माझं म्हणणं असं की लॉटरी कितीही ठोकून बसवली तरी ही गाठ सुटत नाही. खालच्यांना जास्त दिलं की हरायची लालूच वाढते, सगळ्यांना सारखं दिलं की मदत भलतीकडे जाते. कारण मुळात चलनच चुकीचं आहे. चलन बदला. पराभवांऐवजी पॉइंट द्या, आणि पाळीऐवजी बोली.

म्हणजे कसं, ते एका उदाहरणाने सांगतो, आकडे माझे मनाचे आहेत. समजा दर वर्षी प्रत्येक टीमला १,००० पॉइंट. वापरायचे तर यंदा वापरा, नाहीतर पुढच्या वर्षासाठी ठेवा, पण साठ्याला मर्यादा, समजा ३,०००. ड्राफ्टच्या दिवशी नवी पोरं पाळीने नाही, बोलीने जाणार. आता २०१३ चा ड्राफ्ट आठवा. पहिला नंबर क्लीव्हलँडचा, त्यांनी अँथनी बेनेट घेतला आणि तो चार सीझनमध्ये लीगमधून बाहेर. याउलट २०२३ मध्ये पहिल्या नंबरावर कोण, तर व्हिक्टर वेम्बान्यामा, ज्याच्याबद्दल तो फ्रान्समध्ये खेळत होता तेव्हापासून सगळ्या जगाला माहीत होतं. ड्राफ्टमध्ये या दोन्ही पहिल्या पाळ्यांचा भाव सारखाच, एक सीझन हरा आणि नशीब बघा. लिलावात मात्र वेम्बान्यामासाठी कोणीतरी तीन वर्षांची पूर्ण शिल्लक ओतली असती आणि २०१३ मध्ये बऱ्याच मॅनेजरांनी हात खिशात ठेवून पॉइंट वाचवले असते. किंमत बोलते. पाळी बोलत नाही.

याचं आपल्याकडचं एक उदाहरण फार लोकांच्या लक्षात नसतं. २००८ मध्ये आयपीएलचा पहिला लिलाव मुंबईत झाला, धोनी १५ लाख डॉलरला गेला हे सगळ्यांना पाठ आहे, पण अंडर-१९ ची पोरं त्या लिलावात नव्हती. त्यांच्यासाठी वेगळा ड्राफ्ट झाला, पाळीचा. पहिली पाळी दिल्लीची, आणि दिल्लीने दिल्लीचाच प्रदीप सांगवान हा डावखुरा फास्ट बोलर घेतला. नुकताच वर्ल्ड कप जिंकून आलेला त्या संघाचा कॅप्टन विराट कोहली मग बंगळुरूने घेतला, ३० हजार डॉलरला. दिल्लीला बॅट्समन भरपूर होते, बोलर हवा होता, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मुद्दा वेगळा आहे, बंगळुरूला कोहली किती हवा होता हे सांगायला त्या पद्धतीत जागाच नव्हती. उलट नोव्हेंबर २०२४ चा जेद्दाचा लिलाव बघा, १३ वर्षांचा वैभव सूर्यवंशी ३० लाखांच्या बेस प्राइसवर आला आणि दिल्ली-राजस्थानची बोली चढत चढत राजस्थानकडे १ कोटी १० लाखांना गेला. पोरगा कोवळा, पण त्याच्यावर कोणाचा किती विश्वास आहे ते सगळ्यांसमोर आकड्यात आलं.

आता तुम्ही म्हणाल मग एनबीएने सरळ आयपीएलसारखं पैशांचंच का करू नये. करता येईल, पण तिकडे नव्या पोरांच्या पगाराला १९९५ पासून ठरलेला तक्ता आहे आणि तो खेळाडूंच्या युनियनशी झालेल्या कराराचा भाग आहे, शिवाय तिथल्या टीम वर्षानुवर्षं एकच संघ बांधतात, आपल्यासारखं तीन वर्षांनी सगळं मोडून मेगा ऑक्शन त्यांना चालणार नाही. म्हणून फक्त नव्या खेळाडूंपुरते, फक्त पॉइंट. पॉइंटांचा अजून एक गुण म्हणजे मोठ्या शहरातला श्रीमंत मालक आणि छोट्या शहरातला मालक यांच्या खिशात ते सारखेच.

आणि ही हवेतली कल्पना नाही, लिलाव मागच्या दाराने ड्राफ्टमध्ये शिरलेलाच आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या एएफएल लीगमध्ये बापाच्या क्लबला मुलावर पहिला हक्क असतो, ठरावीक मॅच बाप त्या क्लबकडून खेळला असेल तर. आधी हा मुलगा जवळपास फुकटात मिळायचा, मग २०१५ मध्ये त्यांनी प्रत्येक पाळीला पॉइंट लावले, पहिल्या पाळीचे ३,०००, दुसरीचे २,५१७, असं खाली खाली. आता दुसरा एखादा क्लब ड्राफ्टमध्ये त्या मुलाचं नाव घेतो, ती झाली बोली, आणि बापाच्या क्लबला तेवढे पॉइंट मोजून तो सोडवून घ्यावा लागतो. २०२१ मध्ये निक डायकोससाठी गोल्ड कोस्टने चौथ्या पाळीला नाव पुकारलं, म्हणजे २,०३४ पॉइंट, त्यात तेव्हाच्या नियमाने २० टक्के सूट, म्हणजे १,६२७. त्याचे वडील पीटर डायकोस कॉलिंगवूडकडून २५० मॅच खेळलेले, त्यामुळे हक्क कॉलिंगवूडचा, आणि त्यांनी चाळिसाव्या नंबराच्या आसपासच्या चार पाळ्या गोळा करून ठेवल्या होत्या त्या मोजून पोरगा घरी नेला. मला हे फार आवडतं, कारण यात भावनेलाही जागा आहे आणि भावही द्यावा लागतो.

बेसबॉलमध्येही तसंच. तिथे २०१२ पासून प्रत्येक टीमला पहिल्या दहा फेऱ्यांसाठी साइनिंग बोनसची एकूण रक्कम ठरवून देतात. ह्यूस्टनच्या बेसबॉल टीमकडे त्या वर्षी पहिली पाळी होती, तिला ७२ लाख डॉलर नेमलेले. त्यांनी कार्लोस कोरियाला ४८ लाखात राजी केलं आणि वाचलेल्या २४ लाखांच्या जोरावर ४१ व्या नंबरावर लान्स मॅकलर्स घेतला, ज्याची मागणी जास्त होती म्हणून बाकीच्यांनी सोडला होता. त्याला २५ लाख दिले. दोघंही २०१७ च्या वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या संघात होते. नाव ड्राफ्ट, पण विचार पर्स सांभाळून बोली लावणाऱ्याचा.

आता अडचणी, कारण लिलाव म्हणजे जादूची कांडी नाही. पहिली अडचण ज्याला अर्थशास्त्रात विजेत्याचा शाप म्हणतात ती. एका पोराची खरी किंमत कोणालाच माहीत नसते, तीस टीम तीस अंदाज करतात, आणि लिलाव जिंकतो तो ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला तो. बंद पाकिटाचा लिलाव असेल तर हे जास्तच. २००६ मध्ये जपानच्या दाइसुके मात्सुझाकाशी नुसती बोलणी करायचा हक्क मिळावा म्हणून बॉस्टनने बंद पाकिटातून ५ कोटी ११ लाख डॉलरची बोली दिली, खेळाडूचा पगार वेगळाच. दुसऱ्याची बोली किती हे कळायला मार्गच नाही, मग माणूस घाबरून जास्त लिहितो. यावर विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये सांगितलेला उपाय आहे, पाकीट बंदच ठेवा पण जिंकणाऱ्याने दुसऱ्या नंबराच्या बोलीएवढीच किंमत द्यायची, म्हणजे मनातला खरा आकडा लिहायला भीती नाही. त्यांना १९९६ मध्ये नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांत ते गेले. प्रेक्षकांसमोर मात्र खुली चढती बोलीच बरी वाटते, आणि तिच्यात दुसऱ्यांचे अंदाज बघून आपला अंदाज सुधारता येतो हा फायदाही आहे.

दुसरी अडचण जास्त खरी आहे आणि ती मी झाकणार नाही. सगळ्यांना सारखे पॉइंट दिले तर चॅम्पियन टीमही पॉइंट साठवून वेम्बान्यामा उचलेल, मग कमजोर टीमला मदत कुठे झाली? कमजोरांना जास्त पॉइंट दिले तर हरण्याचं बक्षीस परत आलंच की. माझ्या मते मधला रस्ता असा की पॉइंट ठरवताना एक सीझन न बघता मागच्या पाच सीझनची सरासरी बघायची आणि फरक थोडाच ठेवायचा, म्हणजे तळाच्या टीमला १,१५० आणि वरच्याला ८५० वगैरे. यात एप्रिलमधली एक मॅच हरून एखादाच पॉइंट वाढेल, त्यासाठी कोणी आपला मेन खेळाडू बसवणार नाही. आणि चॅम्पियन टीमला तसाही १९ वर्षांच्या पोराला तीन वर्षं शिकवत बसायला वेळ नसतो, तिला तयार खेळाडू हवा असतो, तेव्हा पॉइंट विकायची मुभा दिली तर ती आपले पॉइंट कमजोर टीमला देऊन तिच्याकडचा अनुभवी खेळाडू घेईल. दोघांचं भागलं.

खेळाडूंचं काय, हेही विचारायला हवं. ड्राफ्टमध्ये पोराला टीम निवडता येत नाही, लिलावातही नाही, आणि पॉइंट त्याच्या खिशात जात नाहीत. निदान पगाराचा तक्ता नंबराऐवजी बोलीला जोडावा, ज्याच्यासाठी २,८०० पॉइंट गेले त्याला त्या मानाने पगार, आणि युनियनने तेवढं मागून घ्यावं असं मला वाटतं. स्मृती मानधना, आपल्या सांगलीत वाढलेली, २०२३ च्या पहिल्या डब्ल्यूपीएल लिलावात ३ कोटी ४० लाखांना गेली, तेव्हा बायकांच्या क्रिकेटची किंमत काय आहे ते एका दुपारी सगळ्या देशाला कळलं. ठरलेल्या तक्त्यात ते कधी कळलं नसतं.

शेवटची अडचण तांत्रिक, पण आमच्या क्लबहाऊसमध्ये मी ती दर वर्षी डोळ्यांनी बघायचो. नावं एकामागून एक पुकारली की सुरुवातीला सगळ्यांकडे पॉइंट असतात म्हणून भाव भडकतात, मध्ये सगळे गप्प, आणि शेवटी ज्याच्याकडे उरलेत ते दोघंच एकमेकांवर चढतात. मागच्या वर्षी एका लेगस्पिनरला १,९०० मिळाले, का, तर शेवटच्या नावांत बरा बोलर तो एकटाच आणि दोघांकडे पॉइंट पडून होते. त्याच्याहून चांगला बोलर दुपारी ७०० ला गेला होता. नावं कोणत्या क्रमाने येतात यावर भाव ठरला तर तो भाव खोटा. यावर पॉल मिलग्रम आणि रॉबर्ट विल्सन या अर्थशास्त्रज्ञांनी उपाय काढला तो मोबाइलच्या स्पेक्ट्रमसाठी, २०२० चं नोबेल त्यांना लिलावांच्या कामासाठी मिळालं. सगळ्या वस्तू एकदम टेबलावर, सगळ्यांवर एकाच वेळी बोली, आणि जोपर्यंत एकाही वस्तूवर बोली वाढतेय तोपर्यंत कुठलीच वस्तू विकली गेली असं म्हणायचं नाही. आपल्याकडे २०१० चा थ्रीजीचा लिलाव याच जातीचा, ३४ दिवस, १८३ फेऱ्या, सरकारला ६७ हजार कोटींच्या वर मिळाले. एनबीएच्या साठ पोरांना तसं करायला एक दिवस पुरेल.

यंदा आम्ही शेवटच्या १२ नावांपुरतं हे करून बघितलं. नावं एकदम पांढऱ्या बोर्डवर लिहिली, प्रत्येकासमोर चालू बोली आणि कॅप्टनची विंग, ज्याला वाढवायचं त्याने येऊन मार्करने आकडा खोडून नवा लिहायचा. पहिली पाच मिनिटं गोंधळ झाला, दोघांनी एकाच वेळी मार्कर ओढला, मग सगळ्यांना समजलं आणि खोली एकदम शांत झाली, जो तो बोर्डकडे बघत बेरजा करत होता. एका नावावर आकडा वाढला की माणसं दुसऱ्या नावाकडे वळायची. पंचवीस मिनिटांत संपलं. तोच लेगस्पिनर यंदाही त्या बारांत होता, ८५० ला गेला, आणि ज्याच्या हातून सुटला त्याने लगेच शेजारच्या ओळीतला ऑफस्पिनर ६०० ला उचलला.